रात्री बाराची पाळी, सांगली रस्ता आणि ‘सर्वात सुरक्षित गाडी कुठली?’

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. धाकटा भाऊ २२ वर्षांचा, डिप्लोमा करून शिरोली एमआयडीसीत नुकताच लागलाय. घर ते कारखाना साधारण २५ किलोमीटर, सगळं सांगली–कोल्हापूर रस्त्यानं. एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा दुसरी, आणि दुसरी सुटते रात्री बाराला. त्याला २०० सीसीची गाडी हवी आहे. आई म्हणते शंभरच्या वर नकोच. गल्लीतला एक मुलगा गेल्या हंगामात उसाच्या ट्रॉलीवर आदळला, तेव्हापासून तिला झोप नाही. आणि तुम्ही विचारताय की यातली सर्वात सुरक्षित गाडी कुठली.

कोल्हापुरात माझं दुचाकीचं गॅरेज आहे, २६ वर्षं झाली. रोजचं सर्व्हिसिंग असतंच, पण विम्याच्या क्लेमच्या गाड्याही माझ्याकडं येतात, म्हणजे अपघात होऊन आलेल्या. त्यामुळं तुमच्या प्रश्नातल्या भीतीशी माझा रोजचा संबंध आहे. गाडीचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते सोपं आहे आणि खरा विषय त्याच्या पलीकडं आहे.

१५० ते १६० सीसीच्या वर्गातली साधी, सरळ बसून चालवायची, एबीएसवाली गाडी घ्या. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं. १२५ पर्यंतच्या गाड्यांना त्या नियमानं सीबीएसवर सोडलं, म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही थोडा लागतो. सीबीएस वाईट नाही, पण ते चाक जाम होण्यापासून वाचवत नाही. एबीएस वाचवतं. घाबरून ब्रेक करकचून दाबला तरी चाक फिरत राहतं आणि गाडी हातात राहते. पुढच्या चाकाला एबीएस असणं सर्वात महत्त्वाचं. दोन्ही चाकांना असेल आणि बजेटमध्ये बसत असेल तर उत्तमच. आईंना सांगा की सीसीचा आकडा माणूस मारत नाही. शंभरची गाडीही सरळ रस्त्यावर ऐंशीला जाते, आणि ऐंशीच्या वेगात आदळल्यावर इंजिन किती सीसीचं होतं याला काही अर्थ उरत नाही. २०० ची गाडी मी पहिल्या वर्षी टाळायला सांगेन, त्याचं कारण वेगळं आहे. ती ऐंशीला इतक्या सहज जाते की नव्या माणसाला वेग जाणवतच नाही.

आता खऱ्या प्रश्नाकडं येतो. तुम्हाला आणि आईंना जाणून घ्यायचंय की पोरगं रात्री साडेबाराला घरी येईल ना. याचं उत्तर शोरूममध्ये मिळत नाही. बऱ्याच गोष्टी मला इथून दिसतही नाहीत. तो किती वर्षं गाडी चालवतोय, कुणी शिकवली, चष्मा आहे का, अंधारात नीट दिसतं का, मागं रोज कुणी सहकारी बसणार का, कारखान्याची बस आहे का. बसबद्दल तर स्पष्टच सांगतो. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात बस मिळत असेल, अगदी फाट्यापर्यंत सोडणारी असेल, तरी त्या आठवड्यात गाडी घरी राहू द्या. बस नसेल असं धरून पुढचं लिहितो.

अपघाताची गाडी टेम्पोतून उतरवली की मी आधी लांब उभा राहून बघतो. गाडी बरंच काही सांगते. पुढचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, मागं वाकलेत, रिम अंड्यासारखी झालीय, टाकी पुढून चेपलीय, तर गाडी समोर कशावर तरी जाऊन धडकली. एकाच बाजूचं हँडल, फूटरेस्ट आणि सायलेन्सर घासलाय, तर ती घसरली, बहुतेक खडीवर किंवा ओल्या वळणावर. टेललाइट आणि मागचा मडगार्ड गेलाय, तर मागून कुणीतरी ठोकलंय. माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांत सर्वात जास्त पहिल्या प्रकारच्या असतात. आणि त्या गाडीचा मालक, किंवा दवाखान्यातून आलेला त्याचा भाऊ, जवळजवळ दर वेळी एकच शब्द बोलतो: ‘अचानक.’ अचानक ट्रॅक्टर वळला. अचानक कुत्रं आलं. अचानक गाडी समोर आली.

पूर्वी मी हे ऐकून सोडून द्यायचो. नंतर विचारायला लागलो की पहिल्यांदा दिसलं तेव्हा ते किती लांब होतं. उत्तरं बोलकी असतात. ‘चार-पाच गाड्यांएवढं असेल’, ‘विजेच्या दोन खांबांच्या मधलं अर्धं’. म्हणजे ते दिसलं होतं. दिसल्यापासून धडकेपर्यंत जेवढा वेळ मिळाला, तेवढ्या वेळात गाडी थांबण्यासारखी नव्हती, इतकंच. ‘अचानक’ या शब्दाचा गॅरेजमधला अर्थ हा आहे, वेळ कमी पडला.

हे फक्त माझंच निरीक्षण नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात हॅरी हर्ट नावाच्या संशोधकानं सुमारे ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ साली अहवाल दिला. त्यात आढळलं की धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत चालकाला काही करायला साधारण दोन सेकंदांहून कमी वेळ मिळतो. तिकडचे रस्ते वेगळे, गाड्या वेगळ्या, उसाच्या ट्रॉल्या तर नाहीतच. पण ते दोन सेकंद आपल्याकडंही दोनच आहेत. म्हणून भावाला मी जे जे सांगेन ते सगळं एकाच कामासाठी आहे, दोनाचे तीन किंवा चार सेकंद कसे करायचे.

आधी वेग घेऊ. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर काही दिसलं, डोक्याला कळलं आणि बोट ब्रेकवर गेलं, याला चांगल्या जागरूक माणसालाही एक सेकंद लागतो. तेवढ्यात १७ मीटर गेले. त्यानंतर कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर आणि दोन्ही ब्रेक नीट लागले तर थांबायला आणखी २० मीटर. एकूण ३७. आता तोच मुलगा ८० ला असेल तर पहिल्या सेकंदात २२ मीटर आणि ब्रेकचे ३६, एकूण ५८. वेग वीसनंच वाढला, पण थांबायचं अंतर निम्म्याहून अधिक वाढलं. आणि यातली जी गोष्ट मी गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक पोराला खडूनं फरशीवर काढून दाखवतो ती अशी, की ६० वाला ज्या जागी पूर्ण थांबला, त्याच जागी ८० वाल्याची गाडी अजून ताशी साठच्या आसपास धावत असते. एक जण ट्रॉलीच्या मागं थांबून शिव्या देतो, दुसरा साठच्या वेगानं तिच्यात शिरतो. ब्रेक दोघांनी एकाच वेळी मारलेला असतो.

भावाला हा हिशेब स्वतः करायला लावा. इंजिनिअरिंगचा मुलगा आहे, त्याला पटेल. नुसतं ‘हळू चालव’ म्हणून कुणी हळू चालवत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेक. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हे आपल्याकडं कुणी शिकवतच नाही. सर्व्हिसिंगला आलेली गाडी मी उघडतो तेव्हा बऱ्याचदा मागचे ब्रेक शू घासून पत्र्याला लागलेले असतात आणि पुढचे पॅड नव्यासारखे. याचा अर्थ तो माणूस फक्त पायानं गाडी थांबवतो. विचारलं की सांगतो, ‘वडिलांनी सांगितलंय, पुढचा ब्रेक मारायचा नाही, उलटतो.’ ही समजूत सायकलवरून आलेली आहे, आणि कच्च्या रस्त्यांवर जुन्या गाड्या चालवणाऱ्यांसाठी ती अगदीच खोटीही नव्हती. पण ब्रेक लागला की गाडीचं आणि बसलेल्याचं वजन पुढं झुकतं. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. दाबलेल्या चाकाची पकड जास्त, हलक्याची कमी. म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये आहे. नुसत्या मागच्या ब्रेकनं थांबायला सहज दुप्पट अंतर लागतं, आणि जोरात मारला तर मागचं चाक जाम होऊन गाडी आडवी फिरते. हर्टच्या अहवालातही हेच होतं, घाबरलेले चालक मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवत आणि पुढचा पुरेसा वापरतच नसत. चाळीस वर्षांहून जास्त काळ झाला, माझ्या रॅम्पवरचे झिजलेले शू अजून तेच सांगतात.

गाडी उलटते ती पुढचा ब्रेक वापरल्यानं नाही, तो एकदम झटक्यानं आवळल्यानं. ओला टॉवेल पिळतो तसा तो दाबायचा असतो. आधी हलका, वजन पुढं आलं की मग घट्ट. हे वाचून येत नाही, हाताला लावून घ्यावं लागतं. एखाद्या रविवारी सकाळी मोकळं मैदान बघा, पण मातीचं नको, डांबरी किंवा काँक्रीटचं हवं. ताशी ३० ला गाडी आणून एका खुणेपासून दोन्ही ब्रेकनं थांबायचं आणि अंतर पावलांनी मोजायचं. मग ४० ला. वीस-पंचवीस वेळा केलं की हाताला समज येते. एबीएस असेल तर एकदा मुद्दाम ते लागेपर्यंत दाबून बघू दे. लिव्हर थरथरते, टकटक आवाज येतो. ज्याला हे माहीत नसतं तो ऐन वेळी थरथर जाणवली की काहीतरी बिघडलं समजून ब्रेक सोडून देतो. मी असा एक मुलगा बघितलाय, गाडी एबीएसची आणि फोर्क मागं वाकलेले.

मात्र गाडी वळणात कललेली असताना, किंवा खाली खडी, चिखल, सांडलेलं डिझेल असताना पुढचा ब्रेक जोरात नको. तिथं एबीएसही फार मदतीला येत नाही, कारण कललेल्या टायरची बरीच पकड वळण्यातच खर्च झालेली असते. वेग वळणाच्या आधी उतरवायचा. पावसाळ्याच्या पहिल्या सरींत आणि हंगामात शेतातून ट्रॉल्या बाहेर पडतात त्या तोंडावर रस्त्याला चिखलाचा थर असतो, तिथं विशेष सांभाळायचं.

आता रात्र. तुमच्या प्रश्नाचा गाभा इथं आहे.

जानेवारी २००३ मध्ये मी स्वतः हेर्ले आणि अतिग्रेच्या दरम्यान उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळलो आहे. रात्रीचे साडेदहा झाले होते, वेग साठच्या पुढं होता. समोरून एक ट्रक अप्पर लावून आला, तो पास झाला, आणि पुढं अंधारातून एकदम उसाची मोळी. ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागं दिवा नव्हता, रिफ्लेक्टर असलाच तर लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला. मी थोडा डावीकडं ओढला म्हणून खांद्यावर निभावलं. कॉलरबोन मोडलं, हेल्मेटला बाजूनं चीर गेली. ते हेल्मेट अजून गॅरेजच्या भिंतीवर आहे. म्हणून आईंची झोप का उडाली हे मला कुणी समजावून सांगायला नको.

साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत या रस्त्यावर ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस जातो. त्या पंचवीस-तीसच्या वेगानं चालतात, बाजूनं आणि मागनं ऊस बाहेर आलेला असतो. हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावतात, पण चिखल बसला की तो असून नसल्यासारखा. पंक्चर झाली की रस्त्यातच उभी, मागं चार दगड ठेवलेले. काम झाल्यावर दगड तिथंच राहतात. चूक कुणाची हे सांगायची गरज नाही. पण रात्री बारा वाजता ती चूक दुरुस्त करायला कुणी येणार नाही, त्यामुळं भावाला आपली गाडी असं धरून चालवावी लागेल की प्रत्येक अंधारात एक ट्रॉली उभी आहे.

साध्या गाडीचा दिवा डिपरवर असताना न चमकणारी काळपट वस्तू मला ३५–४० मीटरच्या आतच दिसते. हा माझ्या डोळ्यांचा अंदाज, त्याचे तरुण डोळे थोडं जास्त बघतील. आता मगाचा हिशेब आठवा. ६० ला थांबायला ३७ मीटर लागतात. म्हणजे ६० ला सगळं काठावर आहे आणि ७० ला दिवा जिथपर्यंत पोचतो त्याच्या पुढं गाडी थांबणार. ५० ला हेच अंतर २८ मीटर होतं. म्हणून हंगामात रात्री ५० च्या वर नाही, हे मी ठाम सांगतो. २५ किलोमीटरला ६० नं २५ मिनिटं लागतात, ५० नं ३०. पाच मिनिटांचा प्रश्न आहे.

समोरून अप्पर आला की त्या दिव्याकडं बघायचं नाही. नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची आणि वेग लगेच उतरवायचा. गाडी पास झाल्यावर डोळे पुन्हा अंधाराला सरावायला काही सेकंद जातात. माझा अपघात त्याच काही सेकंदांत झाला. हेल्मेटची काच पारदर्शक असावी, काळी किंवा रंगीत नको, आणि चरे पडलेली तर मुळीच नको. रात्री प्रत्येक चरा चमकतो आणि समोर नुसती चांदणी दिसते. काच काही शे रुपयांत मिळते, दर वर्षी बदला. मागं कुणी बसलं की गाडीचं तोंड वर होतं आणि दिवा झाडांवर जातो. रोज डबल सीट येणार असेल तर फोकस खाली करून घ्या. कुठलाही मेकॅनिक पाच मिनिटांत करून देतो.

रात्रीचा दुसरा शत्रू झोप. आठ तास उभं राहून काम केलेला मुलगा मध्यरात्री वाऱ्यावर येतो तेव्हा त्याला स्वतःला झोप आलीय हे कळत नाही. मधलं गाव कधी गेलं ते आठवलं नाही, असं झालं तर ती डुलकी होती. कारखान्यातून निघायच्या आधी चहा घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसायचं, तोंडावर पाणी मारायचं, मग किल्ली लावायची. पाळी बदलते त्या आठवड्याचे पहिले दोन दिवस सर्वात वाईट, कारण शरीर अजून जुन्या वेळेवर असतं.

दिवसाच्या अपघातांचा स्वभाव वेगळा असतो. तिथं प्रश्न आपल्याला दिसण्याचा कमी, आपण दिसण्याचा जास्त. हर्टनं तपासलेल्या अपघातांत मोटरसायकलची दुसऱ्या वाहनाशी धडक झाली तेव्हा साधारण दोन-तृतीयांश वेळा चूक दुसऱ्या वाहनाची होती, त्यानं दुचाकीचा हक्काचा रस्ता अडवला होता. मोटरसायकल समोरून बारीक दिसते. ती किती लांब आणि किती वेगात आहे याचा अंदाज कारवाल्याला, ट्रकवाल्याला, अगदी रस्ता ओलांडणाऱ्या माणसालाही चुकतो. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा दिवसाही चालू राहतो तो याचसाठी. काही मुलं बॅटरी वाचवायची म्हणून त्याला बटण बसवून घ्यायला येतात. मी बसवत नाही, तुमच्या भावालाही बसवू देऊ नका.

सांगली फाट्याला, जिथं हा रस्ता पुणे–बंगळुरू महामार्गाला मिळतो, तिथं आणि शिरोलीच्या सर्व्हिस रोडवर राँग साइडनं येणारे भेटतात, कंटेनर वळत असतात. तिथं दोन सवयी हव्यात. एक, वळू पाहणाऱ्या वाहनाच्या ड्रायव्हरच्या तोंडाकडं न बघता त्याच्या पुढच्या चाकाकडं बघायचं. माणूस आपल्याकडं बघतोय असं वाटतं आणि त्यानं पाहिलेलं नसतं, चाक मात्र फिरलं की फिरलं. दोन, ट्रक किंवा कंटेनरच्या डाव्या अंगाला कधीच राहायचं नाही, तो थांबलेला असला तरी. तिथं उभा असलेला दुचाकीवाला ड्रायव्हरला दिसत नाही, आणि ट्रक डावीकडं वळला की मागची चाकं कडेला घासून येतात. त्याचा आरसा आपल्याला दिसत नसेल तर आपण त्याला दिसत नाही, एवढं पक्कं समजायचं. आणि चौकात शिरताना दोन बोटं पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर आधीच ठेवलेली असली की मगाच्या त्या एका सेकंदातला निदान थोडा भाग वाचतो.

हेल्मेटचं आता. हे दोन सेकंद वाढवत नाही. बाकी सगळं फसल्यावर उरतं ते हे. केंद्राच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नव्हतं अशी त्या वर्षी मेलेली माणसं ५०,०२९, आणि त्यात १४,३३७ मागं बसलेली. हा शेवटचा आकडा मी लोकांना मुद्दाम सांगतो. आपल्याकडं मागच्याला हेल्मेट म्हणजे हौस समजतात. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा आहे की हेल्मेटमुळं मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्के कमी होतो. म्हणजे हेल्मेट घातलं की काही होत नाही असं नाही, पण न घालण्याला बचाव नाही.

घेताना आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा आकडा बघा. रस्त्याच्या कडेला दोनशे-तीनशेला मिळतात ती आतून नुसती फोमची असतात. खरं काम आतला थर्माकोलसारखा कडक थर करतो, तो स्वतः चेपून डोक्याला बसणारा धक्का खातो. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी निकामी झालेलं असतं. माप घेताना भावाला सोबत न्या. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, आणि हेल्मेट धरून डोकं हलवलं तर कातडीसकट हललं पाहिजे. नुसतं हेल्मेट हलत असेल तर मोठं आहे. पट्टा लावून, मागनं वर ओढून बघा, निघून आलं तर नको. आणि पट्टा रोज लावायचा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्याच धक्क्यात रस्त्यावर जातं. मी अपघाताच्या गाडीसोबत आलेली बिनओरखड्याची हेल्मेटं पाहिली आहेत, ती बघताना फार वाईट वाटतं.

गाडीच्या देखभालीचं फार लिहीत नाही. आठवड्यातून एकदा थंड टायरची हवा, कंपनीनं चेनकव्हरवर किंवा पुस्तकात दिलेल्या आकड्याप्रमाणं. टायर गोटा झाला की बदलायचा, पावसाळा काढू म्हणायचं नाही. चेन सैल नको. ब्रेकलाइट दोन्ही ब्रेकनं पेटतो का हे भिंतीसमोर उभं राहून रोज बघायला दोन सेकंद लागतात. पुढचा ब्रेक दाबल्यावर दिवा लागत नाही अशा गाड्या माझ्याकडं कितीतरी येतात, मालकाला पत्ताच नसतो. साइड स्टँड वर घेतला का, हेही.

एक मागणी तुमच्याकडं. लायसन्स आणि विमा असेलच, पण विम्यात चालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का ते कागद काढून बघा. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की रस्त्यात कुणाचा अपघात दिसला तर १०८ ला फोन करा आणि थांबा. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतात ही भीती जुनी झाली. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४ अ आलं, त्यानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. जखमीचं हेल्मेट घाईनं ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. श्वास अडकत असेल तरच, आणि एकानं मान धरून दुसऱ्यानं हळू काढायचं. मी त्या रात्री रस्त्यावर पडलो होतो तेव्हा एक दूधवाला थांबला म्हणून वेळेत पोचलो.

भावाला काय सांगायचं ते तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा. १५०–१६० ची एबीएसवाली गाडी, पुढच्या ब्रेकचा मैदानातला सराव, हंगामात रात्री ५०, पट्टा लावलेलं हेल्मेट, निघायच्या आधी पंधरा मिनिटं. यातलं सगळं एकदम जमलं नाही तर ब्रेकचा सराव आणि रात्रीचा वेग, हे दोन तरी सोडू नका.

आता आईंसाठी. बारा वाजून गेले की त्या फोन लावणार, हे मी माझ्या घरी अनुभवलंय. खिशात फोन वाजला की पोराचं लक्ष जातं, आणि आईचा फोन आहे म्हटल्यावर एका हातानं काढून बघतोच. तेव्हा असं ठरवून घ्या. कारखान्याच्या गेटवर हेल्मेट घालायच्या आधी तो घरी एक मिस्ड कॉल देईल, मग फोन सायलेंट करून बॅगेत. तिथून ५० च्या वेगानं अर्धा तास, त्यात फाट्यावरची गर्दी आणि एखादं रेल्वे फाटक किंवा ट्रॅक्टरची रांग धरून पंधरा मिनिटं जास्त. एवढ्या वेळात घरातून कुणीही फोन करायचा नाही. पाऊण तास झाला की मग करा, आणि तो रस्त्यात असेल तर गाडी कडेला घेऊन, स्टँडवर लावूनच उचलेल असं त्याच्याकडून आईसमोर वदवून घ्या.

गाडी घेतल्यावर पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधी एकदा कुठल्याही चांगल्या मेकॅनिककडून पुढचे पॅड आणि मागचे शू किती झिजलेत ते बघून घ्या. पुढचे पॅड झिजायला लागलेले दिसले तर भाऊ शिकतोय.